बियाण्याजवळ झोपणारी भुरी

सोयाबीन घरात आलं की आमच्या घरात माणसांना जागा उरत नाही. यंदाही परवा थ्रेशर लागलं आणि दिवस मावळेपर्यंत मधली खोली कट्ट्यांनी, म्हणजे भरलेल्या पोत्यांनी, पार भरून गेली. या दिवसांत जानेफळात कोणाच्याही घरी गेलात तरी हेच दिसेल. कोणाचा दिवाण अंगणात निघालेला, कोणाचा टीव्ही फ्रिजवर चढलेला, आणि आलेल्या पाहुण्याला बसायला थेट कट्टाच. माझं शिलाई मशीन गॅसच्या ओट्याशेजारी येतं. दिवाळीच्या ऐन घाईत मी एका हाताने ब्लाउज सरकवते आणि दुसऱ्या हाताने भाजी हलवते. एका बाईने तक्रार केली होती की ब्लाउजला जिऱ्याचा वास येतो. मी म्हटलं, जिऱ्याचाच येतोय ना, लसणाचा तर नाही!

पण मला हे दिवस आवडतात. सकाळी अंगणात पाय ठेवला की गारवा लागतो आणि दहा वाजता ऊन चटके देतं. कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ केसांत, कपड्यांत, चहाच्या कपातसुद्धा सापडते. शेतात सोयाबीन निघाल्यावर तुरीच्या ओळी एकदम मोकळ्या दिसतात, आणि त्यांना फुलं धरायला लागलेली असतात. घरात भरलेल्या कट्ट्यांना उन्हाची ऊब असते. हात ठेवला तर ती संध्याकाळपर्यंत जाणवते. ही ऊब आमच्या घरात सगळ्यांत आधी कळते मांजरांना. कट्टे रचून होत नाहीत तोच चौघेही आपापली जागा धरून बसलेले असतात. माणसांच्या पाठी वाकलेल्या आणि हे वर निवांत.

चौघांची ओळख करून देते. भुरी सगळ्यांत मोठी, चुलीतल्या राखेच्या रंगाची. टिकली तिची मुलगी, पांढरीशुभ्र आणि कपाळावर काळा ठिपका. सरपंच हा बोका कुठून आला ते माहीत नाही. एके दिवशी आला, घर पाहिलं, आणि त्याला पसंत पडलं. त्याने आजवर एकही उंदीर धरलेला नाही, पण गल्लीत कोणाकडेही चार माणसं जमली की हा मधोमध जाऊन बसतो. आणि उंबऱ्या. तो उंबऱ्यावर बसतो म्हणून उंबऱ्या. दार उघडा म्हणून ओरडून ओरडून घर डोक्यावर घेईल, दार उघडलं की तिथेच बसेल. आत नाही, बाहेर नाही. दार लावलं की पुन्हा ओरडणार.

माझं माहेर सोनाळ्याचं. तिथे आमच्याकडे गाई, बैल, कोंबड्या, सगळं होतं, पण मांजर नव्हतं. माझ्या आईला मांजराचा भरवसा वाटत नसे. कुत्र्याकडे पाहिलं की त्याच्या मनात काय आहे ते शेपटीवरून कळतं, मांजराचं काय कळतं, असं ती म्हणायची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मीही त्याच मताची होते. पण दिवसभर मशीनवर बसून काम करायचं, समोर चार मांजरं, आणि बोलायला दुसरं कोणी नाही, अशी वर्षं काढली की माणूस त्यांच्याकडे बघायला लागतो.

बघता बघता काही गोष्टी उलगडतात. आमच्या शेजारच्या नलूताईंना मांजरांची किळस आहे. त्या आल्या की पाय वर घेऊन बसतात आणि मान भिंतीकडे फिरवतात. सरपंच मात्र सगळ्यांना सोडून नेमका त्यांच्याच मांडीवर जातो. "मह्यावर काऊन डूख धरला याने?" असं त्या कितीदा तरी म्हणाल्या. मला वाटायचं बोका चावट आहे. मग लक्षात आलं, आम्ही बाकीचे सगळे त्याच्याकडे टक लावून बघतो, ये ये करतो, हात पुढे करतो. मांजराच्या लेखी टक लावून बघणं म्हणजे भांडण उकरणं. नलूताई एकट्याच बिचाऱ्या नजर वळवून, शांत बसून राहतात. सरपंचाला वाटतं, या घरात रीतभात असलेली हीच एक बाई आहे.

टिकली माझ्या शिवायच्या कापडावर पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने दाबत बसते, डोळे मिटून. किती अस्तरांचे धागे तिने ओढले असतील. पण पिलू असताना आईचं दूध यावं म्हणून ती भुरीचं पोट असंच दाबायची हे मी पाहिलेलं आहे. आता ती स्वतः चार वेळा आई झाली, तरी मऊ काही पायाखाली आलं की तिला ते आठवतं. भुरी कधीकधी मेलेला उंदीर आणून माझ्या पायाशी ठेवते आणि तोंडाकडे बघत बसते. पूर्वी मी किंचाळायचे. आता मला असं वाटतं की या बाईला काही शिकार जमत नाही, दिवसभर बसून कापड टोचत असते, हिचं पोट कसं भरणार, अशी तिला काळजी असावी. मी उंदीर सुपलीत घेते आणि "लय उपकार झाले, माय" म्हणते.

तिच्या मनात खरंच तसं असेल की नाही, कोण जाणे. मांजर समजलं असं म्हणणाऱ्याने जरा जपूनच बोलावं. पण एक मला पटलं आहे. मांजर उगाच काही करत नाही. आपल्याला वेड्यासारखं दिसतं त्याच्यामागे त्याचं काहीतरी कारण असतं, आणि ते शोधायला खाली वाकावं लागतं. एका हंगामात आमच्या सगळ्या घराने नेमकं वाकायचंच सोडलं होतं.

ती गोष्ट मामाजींची आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते आज ठणठणीत आहेत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच धास्ती घेणार नाही. आणि हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "लिही. गावात मह्यासारखे लय बुढे चूप बसून राह्यले."

मामाजींचं एक व्रत आहे. पुढच्या पेरणीचं बियाणं ते घरचंच ठेवतात. बियाण्यापुरतं सोयाबीन थ्रेशरमध्ये घालू देत नाहीत, कारण त्याच्या फटक्याने दाण्याचं टरफल चिरतं आणि चिरलेला दाणा उगवत नाही. कापलेल्या पिकाच्या तेवढ्या सुड्या, म्हणजे ढीग, ते ताडपत्रीवर पसरून काठीने हलक्या हाताने झोडपतात. मग ते कट्टे समोरच्या खोलीत, जमिनीवर लाकडी फळ्या टाकून त्यांवर ठेवायचे, एकावर एक फार चढवायचे नाहीत, आदळायचे नाहीत, आणि थंडी पडेपर्यंत मामाजींनी त्यांच्या शेजारी आपली खाट टाकायची. उंदीर लागू नये, ओल लागू नये म्हणून राखण. सासूबाई होत्या तेव्हा त्या चिडवायच्या, बाळंतिणीजवळ कोणी झोपत नाही एवढा हा माणूस बियाण्याला जपतो. त्या गेल्यापासून खाटेवर पायथ्याशी भुरी झोपते. राखण दोघं मिळून करतात.

त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि सगळ्यांची सोंगणी, म्हणजे कापणी, एकदमच आली. घाईघाईत माल घरात आला आणि जागा मिळेल तसे कट्टे लावले गेले. मधल्या खोलीत चालायला एक चिंचोळी वाट तेवढी राहिली, अंग आडवं करून जाण्यासारखी. समोर मामाजी, मध्ये सोयाबीन, मागे आम्ही, आणि अगदी मागे परसात बाथरूम. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. दरवर्षी थोड्याफार फरकाने असंच असायचं.

दिवाळी तोंडावर आली असताना मला एका सकाळी झाडताना समोरच्या खोलीत ओल दिसली. खाटेच्या आणि बियाण्याच्या मध्ये, फळीच्या कडेला, आणि सगळ्यांत खालच्या कट्ट्याचा कोपरा भिजलेला. मामाजी दाराशी दात घासत उभे होते. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मांजरीनं केलं असन." मी फिनाइलने पुसून घेतलं. तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच. मग वरचेवर.

माझा नवरा गजानन तसा शांत आहे, पण बियाणं म्हणजे पुढचं सगळं वर्ष. भिजलेला कट्टा उघडला तर आतले दाणे फुगलेले, बोटाने दाबले की साल निघणारे. तो दाणा हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होता. त्याने मांजरांना समोरच्या खोलीत बंदी केली. पण मांजरांना बंदी करणं म्हणजे वाऱ्याला दाराबाहेर बस म्हणण्यासारखं आहे. खिडकीची एक जाळी फाटलेली होती, आणि भुरीला ओढून घ्यायला आत मामाजी होते.

खरं तर त्याच दिवसांत भुरी विचित्र वागत होती. मामाजींच्या पायथ्याशी झोपणं तिने सोडलं होतं. ती खाटेपासून लांब, कट्ट्याच्या वर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. पहाटे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन माझ्याकडे बघून ओरडायची, चार पावलं समोरच्या खोलीकडे जायची, परत यायची, पुन्हा ओरडायची. मी दूध घालायचे. ती दुधाला तोंड लावायची नाही. मला वाटायचं, म्हातारी होत चालली, लहर आहे.

मामाजीही विचित्र वागत होते. संध्याकाळचा चहा त्यांनी बंद केला. ॲसिडिटी होते म्हणाले. सुलतानपूरला त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. अशा कार्याला सगळ्यांच्या आधी फेटा बांधून तयार असणारा माणूस, "माही तब्येत नाही, तुम्ही जा" म्हणून घरी बसला. आम्ही उठायच्या आधी त्यांची लुंगी धुऊन तारेवर वाळत असायची. बोलावं तर खेकसायचे. गजानन म्हणायचा, "बाबा आता लय चिडकट झाले." मीही म्हणायचे, वय झालं. मांजराच्या प्रत्येक वागण्याला कारण शोधणारी मी, घरातल्या माणसाच्या वागण्याला "वय" एवढंच उत्तर देऊन मोकळी झाले होते. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

एका सकाळी गजाननने मोठ्याने हाक मारली. मी पिठाचे हात घेऊन धावत गेले. जमिनीवर ताजी ओल होती आणि भुरी तिच्याभोवती पंजाने खरवडत होती. सिमेंटची जमीन, खाली खरवडायला काही नाही, तरी एकदा इकडून, एकदा तिकडून, मन लावून. नखांचा कर्र कर्र आवाज येत होता. खाट रिकामी होती. मामाजी परसात होते.

"पाह्य, रंगेहाथ सापडली," गजानन म्हणाला. "आता हिचं काही चालू देत नाही मी."

मी म्हटलं, "अहो, मांजर आपलं मातीत करते. चुलीच्या राखेत करते. मोकळं परसात सोडून सिमिटावर कायले करन ते?"

"मंग हे कोणं केलं? मी केलं का?"

वासाबद्दल मला काहीतरी खटकत होतं. मांजराच्या मुताचा वास नाकात जळतो, फिनाइलने जात नाही, आठवडाभर राहतो. हा तसा नव्हता. पण तो विचार मी पुरता केला नाही. भुरी तिथे होती, ओल तिथे होती. माणसाला एवढं पुरतं.

आमच्याकडे नकोसं मांजर नदीपल्याड नेऊन सोडतात. जवळपास सोडलं तर ते परत येतं, पण पाणी ओलांडून गेलेल्या मांजराला घराची वाट सापडत नाही असं सगळेच मानतात. गजाननने ठरवलं की भुरीला पैनगंगेच्या पुलापलीकडे सोडायचं. मामाजींसमोरच तो हे बोलला. मामाजी भाकरी खात होते. त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठले. आम्हाला वाटलं, मांजराचा लळा आहे, वाईट वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाननने मोटरसायकल अंगणात काढली. मी रुसून स्वयंपाकघरात बसले होते, पण शेवटी राहवलं नाही म्हणून बाहेर आले. मला वाटलं होतं, भुरी सापडणार नाही, पत्र्यावर पळेल, नखं मारेल. तिला पकडावंच लागलं नाही. गजाननने रिकामा कट्टा जमिनीवर ठेवला, तोंड उघडं करून धरलं, आणि त्या सोयाबीनच्या वासाला भुलून ती आपल्या पायांनी आत गेली. आत जाऊन एक गिरकी घेऊन बसलीसुद्धा. गजाननचे हात क्षणभर थांबले. मग त्याने सुतळी बांधली. तेव्हा आतून आवाज आला. भुरीचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सोड तिले."

मामाजी दारात उभे होते, चौकट धरून.

"बाबा, बियाणं नासून राह्यली ते," गजानन म्हणाला. "उद्या पेरायचं काय आपण?"

"तिनं नाही नासवलं." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. ते कट्ट्याकडे बघत होते. "म्या नासवलं. रात्री लघवी लागली की धरवत नाही मले. त्या फटीतून तिकडे जाऊपर्यंत होऊन जाते. ते बिचारी झाकून राह्यली होती."

कट्ट्यात भुरी खरवडत होती. एका क्षणात मला सगळं दिसलं. चहा, साखरपुडा, तारेवरची लुंगी, पहाटे मला बोलवायला येणारी भुरी. मांजर स्वतःची घाण झाकते, आणि घरातल्या कोणाची उघडी राहिली तर तीही झाकायला बघते. तिला त्यात दया वाटत होती असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात मामाजींची लाज झाकायला तेवढी एकटीच धडपडत होती, आणि त्याच खुणेवरून आम्ही तिला गुन्हेगार ठरवलं होतं. मला रडू फुटलं.

गजानन खाली बसला. सुतळीची गाठ त्याच्याच्याने सुटेना. "बाबा, मले सांगतलं काऊन नाही?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा येत होता.

"आदी लाज वाटे," मामाजी म्हणाले. "सुनेच्या घरात हे कसं सांगू? मंग तू तिचं काय करतं ते पाह्यलं. कोणी विचारलं का तिले, काऊन केलं म्हणून? वल दिसली अन् कट्ट्यात भरली. म्या सांगतलं असतं, तं मले कुठी नेऊन सोडलं असतं बे?"

गजाननच्या हातून गाठ सुटली. भुरी बाहेर आली, कोणाकडेही न बघता भिंतीवरून पत्र्यावर गेली आणि पाठ करून बसली. गजानन मात्र तसाच खाली बसून होता, मोकळा कट्टा मांडीवर घेऊन. मग तो उठला, मधल्या खोलीत गेला, आणि वाटेवरचे कट्टे एकेक करून आमच्या झोपायच्या खोलीत नेऊन टाकू लागला. मी मदतीला गेले तर त्याने मानेनेच नको म्हटलं. समोरच्या दारापासून परसापर्यंत चांगली रुंद वाट झाली तेव्हाच तो थांबला. घामाने भिजला होता. त्याने तोंड धुतलं, बाहेर आला आणि मोटरसायकलची सीट फडक्याने पुसली.

"बसा बाबा. मेहकरले डॉक्टरकडे जाऊ. लय लोकाईले होते हे, गोळ्या भेटतात."

मामाजींनी टोपी घातली, चपला शोधल्या, आणि गाडीजवळ येऊन उभे राहिले. बसेनात. एक हात सीटवर ठेवला. मग हसल्यासारखं करत म्हणाले, "वापस आणशीन ना बे?"

गजानन गाडीवर पुढे बसला होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याने फक्त हात मागे नेला, मामाजींचा हात धरला, त्यांना गाडीवर बसवून घेतलं, आणि तो हात आपल्या पोटाशी ओढून घट्ट दाबून धरला. गाडी सुरू करायला हात लागणार होता, तरी कितीतरी वेळ त्याने तो सोडला नाही.